लंकाबाई परत येतील याचा पुरावा

समोर आलेल्या अर्जात काय कमी आहे हे ओळखण्याची विद्या सावळेरामअण्णांना जन्मजात होती. तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि अर्ज हातात घेतल्याघेतल्या, चष्मासुद्धा न लावता, तो परत करण्याबद्दल त्यांची ख्याती होती. कुणाच्या अर्जाला तिकीट नसे, कुणाच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट असे, आणि ज्याचं सगळंच बरोबर असे त्याच्याशी ते समासाबद्दल बोलत. यात खाण्यापिण्याचा भाग अजिबात नव्हता. कचेरीतला चहासुद्धा अण्णा स्वतःच्या पैशानं पीत. कागद पुरा असावा, एवढीच त्यांची या जगाकडून अपेक्षा होती. अशा माणसाचा अर्ज एके दिवशी जर्मनीनं परत केला.

झालं असं, की अण्णांची एकुलती एक लेक हर्षाली हिला दिवस गेले. हर्षाली आणि जावई समर्थ दोघंही न्यूरेंबर्ग नावाच्या शहरात कॉम्प्युटरच्या नोकरीत. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. पण सातव्या महिन्यानंतर विमानात बसायचं नाही असं डॉक्टरांचं म्हणणं, त्याआधी यावं तर रजा नाही, आणि विम्याचं काहीतरी असं त्रांगडं होतं की समर्थनं तीनदा समजावूनही ते अण्णांच्या डोक्यात शिरलं नाही. शेवटी हर्षाली फोनवर म्हणाली, की मला माहेरी येता येत नाही, तर माहेरानंच इकडं यावं. लंकाबाईंनी नवऱ्याकडं न बघताच हो म्हणून टाकलं.

लंकाबाईंची गोष्ट जरा वेगळी होती. हर्षालीच्या वेळी त्यांची स्वतःची आई हयात नव्हती. माहेरी भावजयीनं दहा दिवसांत वाटेला लावलं आणि बाराव्या दिवशी त्या ओल्या अंगानं कालव्यावर धुणं धूत होत्या. हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण लेकीच्या पहिल्या बाळंतपणात आपण तिच्या उशाशी असायचंच, हे त्यांनी त्याच दिवशी कालव्यावर ठरवून ठेवलं होतं. गणपतीत फोन आला, जानेवारीच्या शेवटाला दिवस भरत होते. लंकाबाईंनी दुसऱ्याच दिवशी डिंक, खारीक आणि अळीव आणून ठेवले. कागदपत्रांचं खातं अर्थातच अण्णांकडं गेलं.

ओझरहून जुन्नरला जाताना कालव्याच्या कडेला जी वाडी लागते, तिथं अण्णांचं घर. वाडीत बातमी पसरायला अर्धा तास पुरतो. शेजारच्या कुशाबाचा पुतण्या चार वर्षं मस्कतला राहून आलेला असल्यामुळं परराष्ट्र व्यवहार हा विषय वाडीनं कुशाबाकडं सोपवलेला होता. कुशाबानं पहिल्याच बैठकीत सांगितलं, की विमानात उकडतं, तेव्हा सुती कपडे घाला. जर्मनीत बर्फ पडतो हे कळल्यावर त्यानं आपलं मत न बदलता फक्त घोंगडी वाढवली. त्याशिवाय आमसुलं, सुंठ, वेखंड, बाळगुटी आणि शेक-धुरीसाठी मातीची शेगडी न्यावी असंही ठरलं. विमानात शेगडी चालत नाही हे समर्थनं फोनवर सांगितलं, तेव्हा कुशाबाला जावयाच्या शिक्षणाविषयी शंका आली.

माजी सरपंच भिमाजी यांनी या कामाची दुसरी बाजू उचलली. वाडीच्या चौकात दहा बाय बाराचा फ्लेक्स लागला. त्यावर कोट घातलेले सावळेरामअण्णा, शेजारी पदर घेतलेल्या लंकाबाई, वरच्या कोपऱ्यात विमान आणि खाली ठसठशीत अक्षरं: 'आपल्या वाडीचे भूषण मा. सावळेरामअण्णा यांची सपत्नीक जर्मनी दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. शुभेच्छुक म्हणून भिमाजींचा फोटो अण्णांपेक्षा किंचित मोठा होता. अण्णांनी आयुष्यात कधी कोट घातला नव्हता. तो फ्लेक्सवाल्यानं चिकटवला होता. निवड झालेली नसून अजून अर्जही भरलेला नाही, हे अण्णांनी भिमाजींना सांगून पाहिलं. भिमाजी म्हणाले की फ्लेक्स आधी लागला म्हणजे काम होतंच, हा त्यांचा तीन निवडणुकांचा अनुभव आहे. त्यातल्या दोन ते हरले होते, पण अण्णा मनातल्या मनात सुखावलेले असल्यामुळं त्यांनी फ्लेक्स राहू दिला.

अर्ज भरायला अण्णा जुन्नरच्या एसटी स्टँडजवळ सुनीलच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. सुनील पीकविम्यापासून पासपोर्टपर्यंत जगातला कुठलाही फॉर्म भरतो. यादी मोठी होती. पेन्शनचा कागद, सातबारा, आठ-अ, बँकेचं पुस्तक. त्यात एक अट अण्णांना फार आवडली: अर्जदार आपल्या देशी परत येणार आहे, याचा पुरावा. आपण परत येणार नाही असा संशय कुणाला येऊ शकतो, याची त्यांना गंमत वाटली. त्यांनी सातबाऱ्याला गोठ्यातल्या गाईचा फोटो जोडला आणि त्याच्यामागं 'सदर गाय दोन वेळ दूध देते' असं लिहून सही केली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग जर्मनीहून समर्थनं पाठवलेला हमीपत्राचा कागद आला. समर्थनं तिथल्या कचेरीत स्वतः जाऊन, फी भरून, लेखी हमी दिली होती. सुनीलनं तो कागद फोनवरच्या ॲपनं मराठीत करून मोठ्यानं वाचला. त्याचा मतलब असा, की या दोन पाहुण्यांच्या राहण्याचा, जेवणाखाण्याचा, औषधपाण्याचा आणि वेळ पडल्यास त्यांना परत पाठवण्याचा सगळा भार मी उचलीन. दुकानात तेव्हा झेरॉक्ससाठी आलेली चार माणसं होती. त्यांनी अण्णांकडं वळून पाहिलं.

अण्णांचे कान तापले. जावयानं सासऱ्याची हमी द्यायची, तीही जेवणाची, आणि तीसुद्धा सरकारी कचेरीत जाऊन, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यातून आमच्या भागात अजून पाळतात तशी त्यांच्या घरातली एक रीत होती: लेकीला पहिलं मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. हर्षाली लग्नानंतर दोन वर्षं पुण्यात वाकडला होती, तेव्हा अण्णा आणि लंकाबाई तिला भेटायला जाताना स्वतःचा डबा नेत आणि तिच्या सोफ्यावर बसून तो खात. पाण्याची बाटलीही घरची असे. चहाची तल्लफ आली तर अण्णा सात मजले उतरून खालच्या टपरीवर जात. हर्षालीला याचं वाईट वाटत असे, पण अण्णांना त्याचा अभिमान होता.

त्या रात्री अण्णांनी कचेरीच्या थाटात एक अर्ज लिहिला. विषय: मुलीच्या घरी अन्न न घेण्याबाबत. संदर्भ: जावई यांचे हमीपत्र. मजकूर असा: 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमच्या रीतीप्रमाणे प्रथम नातवंड जन्मास येईपर्यंत अर्जदार व त्यांची पत्नी मुलीच्या घरचे अन्न घेणार नाहीत. सबब जावई यांनी दिलेली हमी जेवणापुरती अमान्य समजावी. लागणारा शिधा सोबत आणण्यात येईल. मूल झाल्यानंतर परिस्थितीचा फेरविचार करण्यात येईल.' पाण्याचा प्रश्न मात्र अडला. तो कुशाबानं सोडवला. त्याच्या मते नळाचं पाणी नगरपालिकेचं असतं, लेकीचं नसतं. अण्णांनी तेही कलम घातलं. सुनीलनं फोनवर त्याचं इंग्रजी केलं, लंकाबाईंच्या अर्जालाही एक प्रत जोडली आणि असा पत्रव्यवहार आपण आजवर पाहिला नाही असं म्हणाला. अण्णांना ते कौतुक वाटलं.

पुण्याला व्हिसाच्या ऑफिसात कागद द्यायला दोघं गेले. अण्णांच्या बोटांचे ठसे एका झटक्यात उमटले. लंकाबाईंचे उमटेनात. चाळीस वर्षं खुरपं, शेण, राख आणि भांडी यांनी बोटांवरच्या रेषा पार पुसून टाकल्या होत्या. काउंटरवरची आरती नावाची मुलगी भली होती. तिनं पाच वेळा प्रयत्न केला, मग स्वतःच्या पर्समधलं क्रीम काढून लंकाबाईंच्या बोटांना लावलं. आठव्या खेपेला मशीननं लंकाबाईंना माणूस म्हणून मान्य केलं. अण्णांनी त्या वेळात आरतीला गठ्ठ्यातली अनुक्रमणिका दाखवली आणि पानांना नंबर लाल शाईनं घातल्याचं सांगितलं.

तीन आठवड्यांनी दोन पाकिटं आली. दोन्ही पासपोर्ट कोरे होते आणि प्रत्येकाबरोबर एक छापील कागद होता. त्यावर दोन चौकटींत खुणा केल्या होत्या. सुनीलनं वाचून सांगितलं: एक, तिथल्या मुक्कामात तुमचं पोट कसं भरणार याचा खुलासा पटत नाही. दोन, तुम्ही मुदतीत परत याल याची खात्री वाटत नाही. सुनीलनं आपल्या परीनं उलगडाही केला. जावई म्हणतो मी जेवू घालतो, सासरा लिहून देतो मी जेवणार नाही. मग हा माणूस तीन महिने खाणार काय, म्हणजे तिथं कुठंतरी कामधंदाच बघणार की. बासष्ट वर्षांचे सावळेरामअण्णा न्यूरेंबर्गच्या एखाद्या हॉटेलात चोरून भांडी घासतील, अशी जर्मनीला भीती वाटत होती.

अण्णा घरी आले आणि दोन दिवस ओसरीवरून उठले नाहीत. अर्ज परत गेल्यावर माणसाचं नेमकं काय होतं, हे त्यांना एकतीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. चौकातला फ्लेक्स तसाच होता. रोज कुणी ना कुणी विचारी, 'काय आण्णा, कधी निघायचं?' त्यामुळं अण्णा डेअरीत दूध घालायला जाताना कालव्याच्या बाजूनं लांबचा फेरा घेऊ लागले. शेवटी भिमाजींनीच फ्लेक्स उतरवून स्वतःच्या कडब्यावर झाकला. कोटातले अण्णा आता कडब्यावर उताणे पडून आभाळाकडं बघत होते.

डिंकाचे लाडू डब्यात भरून तयार होते, ते लंकाबाईंनी उचलून माळ्यावर ठेवले, एवढंच. त्यापेक्षा त्या भांडल्या असत्या तर अण्णांना बरं वाटलं असतं.

हर्षालीचा फोन तिसऱ्या दिवशी आला. अण्णांना वाटलं ओरडेल. त्यांनी रीतभात, स्वाभिमान आणि पुढच्या अपिलाचे मुद्दे तयार ठेवले होते. पण ती हळू आवाजात बोलली.

"अण्णा, इथं मी दुकानात गेले तरी लोक विचारतात, तू कुठली? सात वर्षं झाली, मी इथली नाही हे मला रोज कळतं. वाडीला आले की तिथं मी पाहुणी. त्याचं मला काही नाही. पण माझ्या घरचा घास चालणार नाही, असं तुम्ही परक्या सरकारला लिहून दिलंत. मग मी कुणाची, अण्णा?"

रीत पाळण्यात लेकीचा मान आहे, तिच्या सासरी आपला भार नको म्हणून हे असतं, असं अण्णा मनात म्हणत राहिले, पण ते फोनवर सांगण्यासारखं वाटेना. त्यांनी फोन लंकाबाईंकडं दिला आणि गोठ्यात जाऊन बसले. तिथं त्यांना रडू आलं. गाईनं एकदा मान वळवून बघितलं आणि पुन्हा खाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी जेवणाचा तो अर्ज मागं घेतल्याचं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि सुनीलकडं गेले. बरोबर लंकाबाई, आणि न बोलावता कुशाबा व भिमाजी. सुनील म्हणाला, पहिली चौकट सुटली, दुसरीचं काय? दोघं गेलात तर घराला कुलूप. मग परत कुणासाठी येणार, असं ते विचारणार. गाय काही पुरेशी पडलेली दिसत नाही. त्यातल्या त्यात एकानंच जायचं आणि एकानं इथं राहायचं, म्हणजे मागं राहिलेला माणूस हाच पुरावा.

जायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. अण्णांनी मान हलवली. कुशाबाला मात्र शंका आली. त्यानं ती सरळ विचारली, "बाई नवऱ्यासाठी माघारी येतीच, ह्याला तरी पुरावा काय राव?"

झेरॉक्सचं मशीन नेमकं त्याच वेळी थांबलं. चारही पुरुष आपापल्या घराचा विचार करत असावेत.

लंकाबाई म्हणाल्या, "ह्यांना च्या करता येत न्हाई. त्ये लिवा."

सुनीलला ते एकदम पटलं. अण्णा म्हणाले की हे असलं काही सरकारी कागदावर लिहीत नसतात. लंकाबाई म्हणाल्या, उपाशी राहण्याचं लिहिलंत ते चाललं, मग हे का नाही? अण्णा स्टॅम्पपेपर आणायला उठले.

कोर्टाच्या आवारात एक नोटरी वकील टेबल टाकून बसतात. त्यांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा विचारला आणि लंकाबाई सांगत गेल्या. चहा करता येत नाही. भाकरी येत नाही. घरात मीठ कुठं असतं हे माहीत नाही. ज्वारीचं पीठ कुठलं आणि बाजरीचं कुठलं हे हात लावून सांगता येत नाही. वकिलांनी प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणत लिहून घेतलं. बाकड्यावर बसलेले पक्षकार आपापले दावे विसरून ऐकू लागले. अण्णांनी मधेच सुचवलं, की 'येत नाही' ऐवजी 'सराव नाही' असं घालावं. लंकाबाईंनी ते मंजूर केलं नाही. शेवटी वकिलांनी आपल्या मनानं एक वाक्य जोडलं: 'एकंदरीत पत्नीवाचून माझे चालत नाही.' अण्णांनी त्याला सगळ्यात जोरात हरकत घेतली. वकील म्हणाले, कागद पुरा असावा. हे वाक्य अण्णांनी लोकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते मुकाट्यानं खाली बसले आणि सही केली. ओळखणारे साक्षीदार दोन लागत होते. कुशाबा आणि भिमाजींनी इतक्या तातडीनं सह्या केल्या की अण्णांना ते लागलं. कुशाबानं तर सहीखाली 'मी स्वतः पाहिले आहे' असंही लिहिलं.

तो कागद जर्मनीला पटला. डिसेंबरच्या अखेरीस लंकाबाईंच्या पासपोर्टावर नव्वद दिवसांचा शिक्का आला. समर्थनं जाण्या-येण्याचं तिकीट काढलं, पण परतीची तारीख पंचेचाळीस दिवसांनंतरची धरली. वडिलांना चहासुद्धा करता येत नाही असं त्या कागदात वाचून हर्षालीनंच त्याला तसं सांगितलं होतं.

मुंबईच्या विमानतळावर अण्णांना दाराबाहेर थांबावं लागलं. जन्मात शिवाजीनगरच्या पलीकडं एकट्या न गेलेल्या लंकाबाई, नऊवारीवर हर्षालीचा जुना स्वेटर घालून, लाडवांची पिशवी छातीशी धरून आत गेल्या. त्यांच्या गळ्यात सुनीलनं छापलेलं कार्ड होतं, त्यावर त्यांचं नाव, लेकीचा नंबर आणि 'मला मदत करा' असं तीन भाषांत. काचेपलीकडून त्या एकदम वळल्या, दारातल्या शिपायाला बाजूला करून पुन्हा बाहेर आल्या. अण्णांना वाटलं, आता रडणार. त्या म्हणाल्या, "मीठ खालच्या फळीवं हाय. निळ्या झाकनाची बरणी." आणि परत आत गेल्या.

पहिला आठवडा अण्णांनी कुशाबाच्या घरून येणाऱ्या डब्यावर काढला. पण डब्याबरोबर रोज कुशाबाही येई आणि अण्णा जेवत असताना समोर बसून त्या प्रतिज्ञापत्राची आठवण काढी. आठव्या दिवशी अण्णांनी डबा नको म्हणून सांगितलं आणि दार लावून चहा केला. तो गाळल्यावर गाळण्यात सगळा चहा राहिला आणि कपात नुसतं गरम दूध आलं, हे कसं झालं ते त्यांना आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी बरा जमला. मग पिठल्याकडं वळले, मग भाताकडं. भाकरीनं तीन आठवडे खाल्ले. पहिल्या भाकऱ्यांचे नकाशे झाले, ते गाईनं खाल्ले. मग एक दिवस भाकरी गोल आली, आणि दोन दिवसांनी ती तव्यावर चक्क फुगली. अण्णा तिच्याकडं बराच वेळ बघत उभे राहिले. कचेरीत बढती मिळाली होती तेव्हाही त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

आणि लगेच त्यांना धडकी भरली. आपण स्टॅम्पपेपरवर शपथेनं लिहून दिलंय की भाकरी येत नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, आणि त्याचं प्रतिज्ञापत्र खोटं. तिथल्या ऑफिसाला कळलं तर लंकाबाईंचा व्हिसा जाईल, कदाचित पेन्शनही जाईल. त्या दिवसापासून अण्णा खिडकी लावून भाकरी थापू लागले. धुराड्यातून धूर दिसला की कुशाबा कुंपणावरून काय शिजतंय म्हणून विचारी, तर अण्णा अंघोळीचं पाणी तापवतोय म्हणून सांगत. दुपारी बारा आणि रात्री आठ, असे दोनदा अंघोळ करणारे अण्णा बायको गेल्यापासून जरा हलले आहेत, असं वाडीत बोललं जाऊ लागलं.

इकडं हे भाकरीचं चाललं असतानाच, जानेवारीच्या सत्तावीस तारखेला हर्षालीला मुलगी झाली. तीन किलोची, डोक्यावर भरपूर जावळ. लंकाबाई तिथल्या बाथरूममध्ये पाय पसरून बसत आणि नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत, ते बघायला घरी तपासायला येणारी तिथली सुईण खास थांबली म्हणे. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल होई. अण्णा तेव्हा ओसरीवर येऊन बसत आणि चेहरा जरा उपाशी ठेवत. लंकाबाई विचारत, काय खाल्लं? अण्णा म्हणत, मिळालं ते. हर्षाली मागं बाळाला घेऊन फिरत असे. ती कॅमेऱ्यात कमीच येई. आली तर डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. समर्थची रजा संपत आली होती आणि बाळ रात्रभर जागवत होतं.

परतीच्या तिकिटाला सहा दिवस राहिले होते. त्या दिवशी फोन जरा लवकर आला आणि अण्णा चुलीपुढंच सापडले. फोन त्यांनी घाईघाईनं पाटाला टेकवला, तोंड भिंतीकडं केलेला. लंकाबाई बॅग भरत असल्याचं सांगत होत्या. "यायाच पायजे आता," त्या म्हणत होत्या, "तकडं ह्यांचं हाल चालल्यात." मागून हर्षाली हो म्हणाली. बाळ रडत होतं. ती फक्त हो म्हणाली, थांब म्हणाली नाही, आणि थांब म्हणावं असं तिला किती वाटत असेल हे त्या एका 'हो'मध्ये अण्णांना ऐकू आलं. आपण जेवत नाही असं लिहून देऊन एकदा हिला परकी केलं. आता आपल्याला जेवण करता येत नाही म्हणून हिची आई परत बोलावणार.

अण्णांनी फोन उचलला, खिडकी उघडली आणि फोनचं तोंड तव्याकडं केलं. तव्यावर भाकरी टम्म फुगत होती. पलीकडं बाळ गप्प बसलं, ते योगायोगानंच असणार.

"अण्णा," हर्षाली म्हणाली, "तुम्हाला येतं? मग त्या कागदाचं काय?"

"सही केली तवा कागद खरा व्हता," अण्णा म्हणाले. "आता काय व्हायचं त्ये व्हईल."

लंकाबाईंनी फोन हातात घेतला. त्या भाकरीकडं बघत राहिल्या. चौतीस वर्षं ज्या चुलीपुढं आपल्यावाचून पान हललं नाही, तिथं दुसऱ्या कुणीतरी केलेली भाकरी फुगलेली बघताना बाईला काय वाटतं, ते अण्णांना त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

"कडा कच्च्या ऱ्हायल्यात," लंकाबाई म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "मंजी माझ्यावाचून काय आडत न्हाई तुमचं."

कुंपणापाशी कुशाबा उभा होता. उघड्या खिडकीतून त्याला सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं. अण्णांनी त्याला पाहिलं, तरी खिडकी लावली नाही.

"भाकरीवाचून आडत न्हाई," अण्णा म्हणाले. "तुझ्यावाचून समदंच आडलंय. घरात पाय टाकू वाटत न्हाई. पन पोरीचं माज्याहून जास्त आडलंय. तू ऱ्हा."

पलीकडं लंकाबाईंनी पदरानं फोनची काच पुसली, मग डोळे पुसले. मग हर्षालीला म्हणाल्या, "समर्थरावांना म्हनावं, तिकीट फुडं ढकला, शेवटच्या तारखंला." आणि फोनमध्ये वाकून अण्णांना म्हणाल्या, "तवा आदी चांगला तापू द्या. आन् आता ती उलटा, जळायली."